दगडाच्या तोंडून

३ सप्टेंबर
मुलीला नववीचा प्रकल्प मिळाला. ग्रीक सृष्टिकथा आपल्या शब्दांत लिहायची आणि तिच्यातले वाङ्मयीन घटक दाखवायचे: निवेदक, संघर्ष, पूर्वसूचना, प्रतीक. गेल्या वर्षी तिच्या निबंधात मी इतका हात घातला की बाईंनी भर वर्गात विचारलं, हे कुणी लिहिलंय? पोर आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. यंदा एका अक्षराला हात लावणार नाही. वीस वर्षं प्रुफं तपासतोय, हात आवरता येतो मला.

४ सप्टेंबर
वही मागितली. फक्त वाचायला.
कथा अशी: आधी नुसती पोकळी. मग धरती, धरतीतून आकाश. त्यांचा मुलगा क्रोनस बापाला हटवून राजा होतो. आपलं पोरही हेच करील या धास्तीने जन्मेल ते मूल गिळतो. सहाव्या खेपेला बायको दुपट्यात दगड गुंडाळून देते. तोही गिळतो, न बघता. धाकटा वाचतो.
मुलीने हे सगळं दगडाच्या तोंडून सांगितलंय. दगडाला सृष्टीच्या आरंभीचं काय ठाऊक? एवढंच समासात लिहिलं, पेन्सिलीने. पेन्सिल म्हणजे हात लावणं नव्हे.

७ सप्टेंबर
पेन्सिल बोथट झाली. लाल पेन घेतलं. दगड काढला, सर्वज्ञ निवेदक घातला.
मुलगी म्हणाली, बाबा, दगड धरतीचाच ना, त्याला सगळं ठाऊक असणार, तीच तर गंमत आहे. म्हटलं, गमतीला मार्क नसतात. ती उठून गेली. जेवताना वाटलं, जरा जास्तच झालं.
ठरलं. उद्या वही परत.

१० सप्टेंबर
परत करण्याआधी संघर्षाचा परिच्छेद नीट केला. बायको म्हणाली, तिला तिच्या चुका करू दे की, तुझ्या कोण तपासतं? उत्तरादाखल पूर्वसूचनेचाही नीट केला, मग वही दिली.

१३ सप्टेंबर
आज मुलीने आपणहून वही आणून दिली. खाकी कव्हर, नवं लेबल. म्हणाली, सगळं परत उतरवून काढलंय, तू निवांत तपास, घाई नाही. बायकोने न मागता चहा दिला. टोमणा नाही. माणसं बदलतात.

१८ सप्टेंबर
आता तिचं एकच वाक्य उरलंय. चांगलं आहे, पण एकटं पडलंय. काढलं. मन खाऊ लागलं. परत घातलं, थोडं बदलून.

२१ सप्टेंबर
प्रकल्प द्यायचा शेवटचा दिवस, आणि वही माझ्याच टेबलावर. अर्धी रजा टाकून शाळेत धावलो. बाई म्हणाल्या, तिची वही चार दिवसांपूर्वीच आली, वर्गात वाचूनही दाखवली. ही कुठली?
त्यांनी दुसरी वही काढली. तेच खाकी कव्हर. आत दगड बोलत होता.
प्रतीकाखाली लिहिलं होतं: दगड खोटा असतो, पण तो पोटात असेपर्यंत मुलाला मोठं व्हायला वेळ मिळतो. हा बाप दुष्ट नाही. घाबरलेला आहे.
शेवटी आभार: आई, दोन्ही वह्यांना कव्हर घातल्याबद्दल.
दोनदा वाचलं. लिहिलंय फार चांगलं. माझ्या हातून असं झालं नसतं, हे इथे तरी कबूल करतो. एक वाक्य मात्र लांबलं होतं. बाईंना विचारलं, एवढं एक तोडू का?
त्यांनी वही मिटली.