काळे थ्रीपेन्स आणि वन्संचा रुसवा

गिंपी, क्वीन्सलँड
डिसेंबर

ती. मेव्हिसवन्सं यांना नोरीनचा साष्टांग नमस्कार (गुडघा आखडलाय, तेव्हा खुर्चीत बसूनच).

तुमची कंबर कशी आहे? कोंबड्या अंडी देताहेत ना? इकडे उन्हाने अंगाची लाही होतेय, आणि तुमचे बंधुराज क्लॅरी आहेत तसेच आहेत.

तुम्ही पाठवलेला नाण्यांचा डबा पोचला. आतली चिठ्ठीही वाचली. 'नाताळ तुमचं तुम्ही करा, मी येणार नाही.' बस्स, एवढंच! अहो वन्सं, गेल्या नाताळला शकुन म्हणून पुडिंगमध्ये घातलेली सासूबाईंची चांदीची जुनी नाणी, ते थ्रीपेन्स, काळेठिक्कर निघाले तेव्हा हे म्हणाले, "ताई, नाणी कोळशाच्या पोत्यात ठेवतेस का गं?" या माणसाच्या जिभेला हाड नाही, हे तुम्हाला काय मी सांगायचं? पण सासूबाईंच्या मागे ती चांदी तुम्ही जिवापाड जपलीत, आणि भरल्या ताटावरून उठून गेलात. मला फार लागलं ते. म्हणून ठरवलं, नाणी अशी लखलखीत करायची की वन्संनी राग विसरून यायलाच हवं.

हे ऐकताच बंधुराज डबा घेऊन शेडमध्ये. तिथे गंज काढायचं तारेच्या ब्रशचं चाक आहे. "पाच मिनिटांत चकाचक करतो!" नाण्यांवरच्या राजाचं नाक उडायच्या आत मी डबा हिसकावला. शेजारची डोरीन म्हणाली टूथपेस्ट लाव. एका नाण्यावर लावून पाहिली तर ओरखडे. (ते नाणं मी तुमच्यापासून लपवणार नाही, पण चष्मा न लावता बघा.) दुकानातून पॉलिश आणलं, त्याच्या बाटलीवर 'विषारी' लिहिलेलं. नाणी जायची नातवंडांच्या तोंडात! बरं, नवी नाणी घालावीत तर ती चांदीची नाहीत, पुडिंग नासतं.

शेवटी पोस्टातल्या आयलीनने उपाय सांगितला. ट्रेमध्ये ॲल्युमिनियमचा कागद अंथरायचा, त्याला टेकतील अशी नाणी मांडायची, वर खायचा सोडा आणि उकळतं पाणी. घासायचं नाही, काही नाही, काळेपणा आपोआप कागदावर उतरतो. उतरला हो! फक्त सडक्या अंड्यांसारखा वास सुटला. बंधुराज व्हरांड्यातून ओरडले, "सेप्टिक टाकी तुंबली!" आणि मी हूं की चूं करायच्या आत अंगणात जाऊन टाकीचं झाकण उघडून मोकळे. मग मात्र खरा वास सुटला. डोरीनने वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुतल्या. माझ्याशी ती अजून बोलत नाही.

मी नाणी साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपली आणि तुमच्या पद्धतीने उकळून घेतली. राजाच्या दाढीचा केस न् केस दिसतो. आणि वन्सं, डब्याच्या तळाशी सायकलच्या ट्यूबची कापलेली कडी सापडली. आयलीन म्हणते, रबराजवळ चांदी हमखास काळी पडते. मी कडी नाचवत विचारलं, "ही कुणाची?" बंधुराज छताकडे बघू लागले. गेल्याच्या आदल्या नाताळला आवराआवर करताना नाणी खुळखुळू नयेत म्हणून त्यांनीच बांधली होती! म्हणजे तुमचा काडीचाही दोष नाही. त्यांचे कान लाल झालेत, पण माफी मागणं त्या घराण्यात नाही (घराणं तुमचंही तेच, पण असो).

तुमच्यावाचून ते जेवण मला गोड लागणार नाही. या घरात मला पहिल्यांदा आपलं म्हणणाऱ्या तुम्हीच. या हो.

तुमची
नोरीन

ता. क. पुडिंग मीच केलंय, काळजी नसावी. कृती तुमचीच, जरा सुधारली आहे. फडक्यात बांधून टांगलंय, नाणी आतच आहेत.

पुन्हा ता. क. पाकीट पोस्टात टाकायला बंधुराजांकडे देतेय.

ताई, पाकीट बंद करायच्या आधी लिहितोय, हिला कळू देऊ नकोस. पुडिंगचा तुकडा गुपचूप कापून चाखला. मला गिळवेना, कुत्र्याला दिला. त्याने तो बागेत नेऊन पुरला. त्यात एक थ्रीपेन्स होता. आईच्या नाण्यांतला गं. कुठे पुरला, सापडत नाही. गेल्या वर्षी बोललो ते चुकलंच माझं. शनिवारच्या गाडीने ये, दोघं मिळून खणू. फावडी दोन काढून ठेवलीत.
क्लॅरी