प्लॅनिंग सेक्शनचा दुधी

६ जानेवारी २००२, रविवार
शुगर बॉर्डरवर. डॉ. फेबियन रिपोर्ट बघून म्हणाले, गोड, तळलेले आणि मैदा बंद, नाहीतर गोळी सुरू. मी त्यांना स्पष्ट सांगितले, गोळीची वेळ येणार नाही. ऑफिसात इतकी वर्षे प्लॅनिंग सेक्शन सांभाळलेल्या माणसाला घरातल्या चार तोंडांचे प्लॅनिंग जमत नसेल, तर त्याने राजीनामा द्यावा.
चार तोंडे म्हणजे मी, विनिता (बँकेत कॅशियर), ऋतिका (बारावी सायन्स; घरी फक्त कपडे बदलायला येते) आणि माझे वडील अप्पा. अप्पा भुईगावची वाडी सोडून माणिकपूरला आमच्या फ्लॅटवर राहायला आले, त्याला दोन वर्षे झाली. तेव्हापासून रोज सकाळी उठून भुईगावला जातात.
आठवड्याच्या आहाराचा तक्ता तयार. उद्या ऑफिसातून लॅमिनेट करून आणणार. पूर्ण घराला लागू. एकट्याने केले की ते पथ्य, सगळ्यांनी केले की लाइफस्टाइल.

७ जानेवारी, सोमवार
सकाळी दुधीचा रस. विनिताने विचारले की दुधी आणणार कोण, सोलणार कोण, किसणार कोण आणि गाळणार कोण. मी समजावले, प्लॅनिंग आणि एक्झिक्युशन ही दोन वेगळी डिपार्टमेंट असतात. तिने किसणी काढली. पटले असावे.
अप्पांनी ग्लास उजेडात धरून पाहिला. म्हणाले, "हे हिरवं पानी झाडाला घाल. झाड तरी पिल."
पहिल्या दिवशी विरोध होतोच.

९ जानेवारी, बुधवार
डब्यात नाचणीची भाकरी आणि वाफवलेली फरसबी. संपवली. संध्याकाळी स्टेशनबाहेर दोन वडापाव. याला चीटिंग म्हणणे चूक आहे. शरीराला एकदम धक्का देऊ नये. तक्त्यात ट्रान्झिशन पीरियड दाखवायचा राहून गेला होता. आज मार्करने टाकला.

१२ जानेवारी, शनिवार
यश. ऋतिकाचा मोडाच्या मटकीचा डबा रोज चाटूनपुसून रिकामा येतो. विनिताला मुद्दाम दाखवला. ती म्हणाली, तिलाच विचारा. विचारले. मटकी ऋतिकाची मैत्रीण खाते, कारण तिला बारीक व्हायचे आहे. ऋतिका क्लासवरून येताना समोरच्या सुझानकडे जेवते.
थोडक्यात, तक्ता घराबाहेरही फॉलो होऊ लागला आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळात कॅल्शियम, गुळात लोह. लाडवांकडे औषध म्हणून बघितले. डोस थोडा जास्त झाला.

१७ जानेवारी, गुरुवार
अप्पांच्या अंगाला भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास. वाडीतल्या खोपीत चूल मांडली असल्याचा माझा संशय खरा निघाला. जाब विचारला तर म्हणाले, "तुझ्या कागदावर भुईगाव कुठं हाय?"
मुद्दा टेक्निकल आहे. उत्तर शोधतो आहे.

१८ जानेवारी, शुक्रवार
विनिताची चिडचिड वाढली आहे. तिचे म्हणणे असे की माझे तक्त्यातले, अप्पांचे मऊ आणि ऋतिकाचा डबा, असे एका सकाळी तीन स्वयंपाक होतात, आणि बँकेचे शटर उघडायच्या आधीच ती दमलेली असते. मी म्हटले, टाइम मॅनेजमेंटचा प्रश्न आहे. तक्त्याखाली 'पहाटे उठणे' अशी नवीन ओळ लिहिली. तिने ती वाचली आणि लाटणे ओट्यावर ठेवले. जरा जोरात ठेवले.

२० जानेवारी, रविवार
टीका करणाऱ्यांसाठी प्रात्यक्षिक. स्वतः दलियाची खिचडी केली. खालची करपली, वरची कच्ची राहिली. दोन्ही कालवल्यावर सरासरी व्यवस्थित शिजलेली होती, पण सरासरी खायला कोणी तयार होईना. तेवढ्यात सुझान तिच्या नवऱ्याच्या, मार्सेलच्या, वाढदिवसाचे चिकन घेऊन आली. तिघेही त्यावर तुटून पडले. शेजाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून मीही घेतले. दोनदा घेतले, कारण मार्सेल स्वतः विचारायला आला.

२३ जानेवारी, बुधवार
विनिता बँकेत काउंटरवरच चक्कर येऊन पडली. तिच्या शेजारी बसणाऱ्या रीमाने रिक्षात घालून डॉ. फेबियनकडे नेले आणि मला ऑफिसात फोन केला. मी पोचलो तेव्हा विनिता टेबलावर पडून होती. चेहरा पांढराफटक. रक्त फारच कमी आहे म्हणाले.
डॉक्टरांनी विचारले, खाणे काय असते. तक्त्याची एक कॉपी माझ्या खिशात असतेच. ती दिली. त्यांनी न वाचताच बाजूला ठेवली आणि विनिताला विचारले, "काल काय खाल्लंत?"
तिला आठवायला वेळ लागला. सकाळी चहा. दुपारी काउंटरला गर्दी होती, डबा तसाच राहिला. संध्याकाळी चहा. रात्री उरलेली अर्धी भाकरी, ओट्याशी उभ्यानेच.
"आणि परवा?"
"तसंच काहीतरी."
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरचे फुप्फुसांचे चित्र पाहिले. चांगले रंगीत होते.
घरी येऊन तक्ता पुन्हा तपासला. विनिताचा रकाना आहे. त्यात 'वरीलप्रमाणे' असे स्पष्ट लिहिलेले आहे.

२४ जानेवारी, गुरुवार
रजा टाकली. किचन ताब्यात घेतले. विनिताने पलंगावरून उतरायचे नाही असा आदेश काढला. तिच्यासाठी पालकाची भाजी केली. ऋतिका म्हणाली, "पप्पा, रेती लागतेय." पालक धुवायचा असतो हे कुठल्याही आहाराच्या पुस्तकात ठळक अक्षरात छापत नाहीत. मी म्हटले, खनिजे आहेत. विनिता आतल्या खोलीत पलंगावर हसली. महिन्यात पहिल्यांदा हसली. याचे श्रेय कोणी मला दिले नाही.

२६ जानेवारी, शनिवार
अप्पा दुपारी वाडीतून लाल माठाची जुडी आणि पुडीत जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, घेऊन आले. मला कोपराने बाजूला सारून गॅसपाशी उभे राहिले. कांदा इतका बारीक चिरला की मी बघतच राहिलो. आई गेल्यापासून ते वाडीत स्वतःच रांधून खातात, हे मला आज कळले. सुक्या बोंबलापुरतेच असेल असे वाटले होते. ऋतिकाने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. सुझान आंटीकडे शिकले म्हणाली. बऱ्यापैकी गोल होत्या.
अप्पा विनिताला म्हणाले, "सूनबाय, तू बस आदी."
ती म्हणाली, "सगळे बसू द्या, मी वाढते."
अप्पा ताट हातात घेऊन भिंतीला टेकून उभे राहिले. "मी हा उभा हाय. तू जेवलीस का मग मी बसनार."
ते ऐकणार नाहीत हे तिला माहीत होते. बसली. एक भाकरी खाल्ली, दुसरी घेतली, जवळा परत मागून घेतला. तिला मागून घेताना मी यापूर्वी कधी पाहिले होते, ते आठवेना.
लाल माठात लोह असते. तक्त्यात पालक होता. म्हणजे भाजी बदलली, धोरण माझेच.

१६ फेब्रुवारी, शनिवार
रिपोर्ट आले. विनिताचे रक्त वाढते आहे. अप्पांचे बीपी नॉर्मल. माझी शुगर वाढली. गोळी सुरू. मी डॉक्टरांना लॅबच्या अचूकतेबद्दल शंका बोलून दाखवली. ते म्हणाले, त्यांच्या दवाखान्याच्या खिडकीतून वडापावची गाडी सरळ दिसते.
विनिताने तिथेच सांगितले की यापुढे घरात कामे वाटून होतील. भाजी अप्पा, भाकरी ऋतिका, बाकीचे ती. माझ्याकडे एकच काम, जेवायच्या वेळी तिला आधी बसवायचे. माझ्या अनुभवाच्या मानाने पद फारच खालचे आहे, हे मी नोंदवले. तरीही स्वीकारले.

१७ फेब्रुवारी, रविवार
दुपारी शेवग्याच्या शेंगांची आमटी. वास दारापर्यंत आला होता. पानावर बसलो, भाकरी मोडली. अर्धी संपल्यावर फार शांत वाटले म्हणून वर पाहिले. विनिता ओट्याशी उभी होती. अप्पा आणि ऋतिका ताटे हातात घेऊन भिंतीला टेकून उभे होते. तिघेही माझ्याकडे बघत होते.
मी ताट घेऊन उठलो आणि ऋतिकाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.
विनिता बसली. सावकाश जेवली. माझी आमटी गार झाली.