खडकावरच्या तुमच्या हाताबद्दल

वडीलधाऱ्या मामांना भाचा क्लेमेंटचा नमस्कार. तब्येत कशी आहे? डार्विनच्या दवाखान्यातलं ते रक्त धुणारं मशीन तुम्हाला नीट वागवतं ना? इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून.

तुम्ही सांगितलंत म्हणून रविवारी तुमच्या नातीला, लेनीला, चित्रांच्या कड्यावर तुमचा लहानपणी उमटवलेला हात दाखवायला नेलं. रस्ता मला तोंडपाठ आहे असं मी गावभर सांगत आलोय. (तुम्ही तीनदा दाखवायला बोलावलंत, तिन्ही वेळा माझा फुटबॉलचा सामना होता. तिन्ही हरलो.) मागच्या सीटवर सासूबाई, डोक्यावरून चादर घेऊन. (दुसरी गाडी बंद आहे.) रस्ता खरा त्यांनाच माहीत, पण सासू-जावयानं एकमेकांशी बोलायचं नाही, बघायचंही नाही, हा आपला कायदा. तेव्हा मी आरसा वर फिरवला आणि वळण चुकलो. दोनदा. तेच वारूळ तिसऱ्यांदा दिसल्यावर चादरीतून त्या आमच्या कुत्र्याला म्हणाल्या, "सार्जंटा, तुला तरी कळतंय ना रे, इथं डावीकडे वळायचं असतं ते?" मी मुकाट्यानं डावीकडे वळलो.

कड्यापाशी पोचल्यावर पूर्वजांना हाक मारून कोण आलंय ते सांगायचं. ती हाक तुमची, तुमच्यानंतर माझी. मी छाती फुगवून सुरुवात केली आणि चौथ्या शब्दाला अडकलो. लेनी बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग झाडाआडून, पाठ फिरवून, सासूबाई एकेक शब्द सार्जंटला सांगू लागल्या आणि मी तो कड्याला ओरडून सांगू लागलो. 'येऊ द्या, हा आपलाच आहे' हे शब्द आले तेव्हा त्या म्हणाल्या, "सार्जंटा, हे जरा मोठ्यानं हवं. त्यांना पटायला पाहिजे."

तुमचा हात तिथंच आहे. भोवती तोंडानं फुंकलेल्या लाल मातीचा फवारा, एवढासा पंजा, करंगळी वाकडी. लेनीनं विचारलं, "आजोबांच्या हातावर माती कोणी फुंकली?" मला सांगता आलं नाही. मामा, तुम्ही बोलावलंत तेव्हा मी तुमच्याबरोबर यायला हवं होतं. फार चुकलं.

तुमचा,
क्लेमेंट

ता. क. मशीनच्या दोन पाळ्यांमध्ये एक दिवस मोकळा असतो, असं नर्सबाई म्हणाल्या. मी गाडी घेऊन येतो. तुम्ही नुसतं बसायचं आणि बोलायचं.

ता. क. बायकोनं हे पत्र तिच्या आईला वाचून दाखवलं. त्यांनी सार्जंटला कळवलंय की वळण दोनदा नाही, पाचदा चुकलं.

ता. क. ती हाक आता सार्जंटला माझ्यापेक्षा जास्त येते. लवकर या मामा, नाहीतर तुमच्यानंतर ती त्यालाच द्यावी लागेल.