ज्याचा आहे तो नेईल

३ ऑक्टो., शुक्र.
काल उपास पार पडला. आम्हा बेने इस्राएल ज्यूंचा दारफाळणीचा सण म्हणजे दार लावून दिवसभर घरात, पांढरे कपडे, तोंडात पाण्याचा थेंब नाही. लेया संध्याकाळपर्यंत ताठ बसून प्रार्थना म्हणत होती. मी दुपारीच आडवा.

आज त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. लेयाने सकाळी उठून तांदूळ, गूळ, नारळ अशा पिशव्या भरल्या, ओट्यावर मांडल्या आणि आत येऊन दार लोटून घेतलं. दरवर्षीचंच. कोण नेतं ते बघायचं नाही. मी खिडकीतून डोकावलो तर मागून सदरा ओढला. म्हणाली, नोकरीत लोकांच्या दारात डोकावलात तेवढं पुरे. महाडच्या कोर्टात बेलीफ होतो. निवृत्त झालो तरी बायको विसरू देत नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, केवढं दान करता हो लेयाताई. ही म्हणाली, दान नव्हे, सदाका. काकूंना फरक कळला नाही, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मलाही अर्धामुर्धाच कळलाय. लेया म्हणते, दान म्हणजे आपलं होतं ते दिलं. सदाका म्हणजे दुसऱ्याचं होतं, आपल्याकडे राहिलं होतं, ते त्याला पोचतं केलं. मी म्हटलं, म्हणजे समन्स बजावल्यासारखं. रागावली. भाजी चिरता चिरता म्हणाली, तसंच काहीसं.

१२ ऑक्टो., रवि.
पाचाडला जाऊन आलो. भात छान पोसलंय. ढग मात्र जायचं नाव घेत नाहीत.

आपली चार खाचरं. धोंडू अर्धेलीने कसतो. आमच्या वाडवडिलांचा तेलाचा घाणा बंद होऊन जमाना झाला, तरी गावात अजून 'तेल्यांचं शेत' म्हणतात. लेयाने नेहमीप्रमाणे रस्त्याकडचा कोपरा काठीने आखून दिला आणि नेहमीचंच वाक्य म्हणाली, हा कोपरा कापायचा नाही, ज्याचा आहे तो नेईल. शेताचा कोपरा गरिबाचा आणि परक्याचा, हे आमचं शास्त्र. सगळं शेत मुळापर्यंत कापून न्यायचं नाही. ज्याला लागेल त्याने यावं, कापावं, जावं. आपण तिथे उभं राहायचं नाही, विचारायचं नाही.

धोंडू मान डोलावून "व्हय वयनी" म्हणाला. त्या बांधावर पाऊल टाकण्याआधी चपला काढून हातात घेतल्या त्याने. चिखल असेल.

परतताना एसटीत लेया खूश. दर वर्षी मार्गशीर्षात येऊन बघते तर कोपरा रिकामा झालेला असतो. कुणाच्या तरी ताटात गेलं म्हणते. मग घरी येईपर्यंत गुणगुणत असते.

२८ ऑक्टो., मंगळ.
पाऊस. दिवाळी झाली तरी पाऊस. धोंडूचा फोन, भात आडवं पडतंय. गुडघा बोलतोय.

आमच्या शालोमचा, मुलाचा, इस्राएलमधल्या अश्दोदवरून व्हिडिओ कॉल. तेच. शेत विका, इकडे या. लेया कॅमेरा छताकडे करून स्वयंपाकघरात गेली.

३ नोव्हें., सोम.
उघडलं एकदाचं. धोंडूने माणसं लावून तीन दिवसांत कापणी उरकली. कोपरा ठेवलाय म्हणाला.

५ नोव्हें., बुध.
आज त्रिपुरी पौर्णिमा, गावाकडची देवदिवाळी. दुपारी धोंडूचा फोन. आवाज चढलेला. कोपऱ्यात चोर सापडला. चोर म्हणजे बाई. सुगंधा, त्याच्याच भावकीतली, चुलत भावाची बायको. नवरा मुंबईत वॉचमन होता, गेल्या उन्हाळ्यात वारला. ही सासूला सांभाळायला गावी परतली. विळा आणि गोणी घेऊन कोपऱ्यात बसली होती. धोंडूने गोणी काढून घेतली.

मी फोन स्पीकरवर टाकून लेयाकडे दिला. ती आधी आनंदाने म्हणाली, अरे मग नेऊ दे की, तिच्यासाठीच आहे.  पलीकडून धोंडू म्हणाला, वयनी, राखणदाराचा भात मानसांनी कसा न्यायचा?

लेयाने फोन खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

तर असं आहे. 'ज्याचा आहे तो नेईल.' हिने सांगितलं गरिबाबद्दल, त्याने ऐकलं राखणदाराबद्दल. शेताची राखण करणारा देव, तो रात्रीचा फिरतो, त्याच्या वाटचं त्याला. धोंडूला वाटलं, तेली लोकांचाही तसलाच काही रिवाज असणार. इतकी वर्षं तो दर देवदिवाळीला तिथे नारळ फोडत होता आणि कुणी जवळ फिरकलं तर हाकलत होता. भात खाल्लं रानडुकरांनी. आणि आम्ही कधी विचारलं नाही, कारण विचारायचं नाही हाच तर नियम.

मला हसू आवरेना. लेया पण हसली, पोट धरून हसली, आणि मग पदरात तोंड घालून रडायला लागली. इतकी वर्षं मी गरिबाला हाकलत होते, म्हणाली. तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो. चहा मीच केला, साखर विसरलो.

६ नोव्हें., गुरु.
सकाळच्या गाडीने पाचाड. प्रकरण वाटलं त्याहून वाईट. सुगंधाने राखणदाराचं उष्टावलं, आता गावात कुणाला ताप आला, जनावर मेलं, तर तिच्यामुळे. भाताच्या झोडणीला तिला कुणी बोलवत नाहीये. तिचं पोट मजुरीवर. काम बंद म्हणजे सासूला मागे टाकून पुन्हा मुंबई. रविवारी गावकी बसणार.

धोंडू दुष्ट माणूस नाही. त्याचाच चेहरा उतरलेला होता. लेयाने त्याला समजावलं, तर त्याने विचारलं,
"मंग कोनासाठी ठेवत व्हतात?"
"हिच्यासाठी."
"हिला तर तुमी वळखत पन नाय."
"म्हणूनच," लेया म्हणाली.
त्याने डोकं खाजवलं.

मग सुगंधाकडे गेलो. तिशी-पस्तिशीची असेल, दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. लेयाने सगळी हकिगत सांगितली, चूक आमची, गावाला सांगतो की तू चोरी केली नाहीस, तो कोपरा गोरगरिबांसाठीच होता. मला वाटलं, आता हिचा जीव हलका होईल. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"चोर नाय म्हनून सांगाल. मंग काय म्हनून सांगाल? भिकारीन?"

  बाईने दार लावलं, हळूच लावलं. नोकरीत कितीतरी दारं तोंडावर आपटली गेली माझ्या, त्यातलं एकही एवढं लागलं नव्हतं.

७ नोव्हें., शुक्र.
 संध्याकाळी लेयाने शब्बाथचा, आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावला, तेव्हा प्रार्थना म्हणताना हात जरा जास्त वेळ डोळ्यांवर.

सासरे पायऱ्या सांगायचे सदाक्याच्या. सगळ्यांत खालची, तोंड वाकडं करून दिलेलं. मग हसून दिलेलं. मग मागायच्या आत दिलेलं. वरच्या पायरीवर देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही, घेणाऱ्याला देणारा. आणि सगळ्यांत वर, त्या माणसाला पुन्हा कुणाकडून काही घ्यावं लागू नये असं काम, अशी भागीदारी. लेयाला वाटायचं आपण वरून दुसऱ्या पायरीवर आहोत. आज म्हणाली, आपण तर जिन्याखालीच उभे होतो.

मी म्हटलं, लेया, तू चांगली आहेस गं. म्हणाली, चांगली असून काय करू, त्या बाईचं काम गेलं. बरोबर आहे. पण मला जे म्हणायचं होतं ते म्हटलं.

९ नोव्हें., रवि.
गावकी देवळाच्या मंडपात. आम्हाला खुर्च्या दिल्या, बाकी सगळे खाली. सुगंधा खांबाला धरून उभी.

लेयाने रात्रभर घोकून ठेवलेलं सगळं सोडून दिलं. गरीब हा शब्दच काढला नाही. एवढंच म्हणाली, तो कोपरा आमचा नाही, कधीच नव्हता. मी धोंडूला सांगितलं होतं ज्याचा आहे तो नेईल. ज्याचा होता तो आला, नेत होता, आणि आपण अडवलं.

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. मी कोर्टातली भाषा काढली, ताबा आमचा, मालकी नाही, आम्ही दिलेलंच नाही तर तिने घेतलंय कुठून? हे त्यांना थोडं पटलं. पण राखणदाराचं काय, असा एकाने प्रश्न काढलाच. तेव्हा धोंडू उठला. म्हणाला, राखणदाराला नको असता तर डुकराने फाडली असती हिला. काय झाला नाय, म्हंजे त्यानेच तिला आत घेतली.

सगळ्यांच्या माना हलल्या. सुटका झाल्यासारख्या.

लेया खुर्चीत पुढे सरकली. आमचा देव एकच आणि त्याने सांगितलेला नियम, तो राखणदाराच्या नावावर चढतोय, हे काही तिला सोसवेना. मी तिचा दंड धरून ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोला गप्प बसवण्यात आलेलं हे माझं पहिलं यश.

धोंडूने गोणी आणून सुगंधापुढे ठेवली. तिने गोणीकडे पाहिलंही नाही.
"त्येच्या आदी कामाचा बोला. माजा काम बंद कनाला केलात?"
 मग धोंडूच म्हणाला, उद्या ये झोडणीला. ती गेली. गोणी तिथेच.

परतताना लेया म्हणाली, राखणदार म्हणे. मग पाचाडच्या वळणापासून महाडपर्यंत खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

१३ नोव्हें., गुरु.
धोंडूचा फोन. सुगंधा झोडणीला येते, पाठ सरळ न करता राबते, पण बोलत नाही. बाकीच्यांनीही बोलवायला सुरुवात केलीय. एवढं झालं, बरं झालं.

कोपरा मात्र तसाच उभा. तिने जेमतेम दोन मुठी कापल्या होत्या तेवढ्याच. आता कुणीच जात नाही. भात पिकून पिवळंधमक, दाणे झडायला लागलेत. धोंडू विचारतो, मी कापून ठेवू का? लेया म्हणाली, हात लावू नकोस.

नंतर मला म्हणाली, घेणारा आला नाही तर आपलं काय उरतं हो? मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. इतके दिवस वाटायचं, घेणाऱ्याला आपली गरज. आज जेवणात तिचं लक्ष नव्हतं. तिला आवडतात म्हणून बाजारातून सीताफळं आणली. एक खाल्लं.

शिवाय धास्ती. ती बाई मुंबईला जाईल का? धोंडू म्हणतो, तिकडच्या बहिणीशी फोनवर बोलणं चालू असतं.

१६ नोव्हें., रवि.
दुपारी धोंडूचा फोन, आवाज दबका, जणू शेतातच उभा.

सुगंधा आज कोपऱ्यात शिरली. भर उन्हात, रस्त्यावरून गाड्या जातायत, गडावर जाणारे पर्यटक जातायत, देवळाच्या पारावर म्हातारे बसलेत. डोक्याला फडकं बांधून, पदर खोचून. गोणी नाही आणली. आपल्या शेतातलं कापतात तसं बुंध्यापासून कापलं, भारे बांधले, भारे डोक्यावर घेऊन गावामधून, भावकीच्या दारांवरून घरी नेले. दोन खेपा केल्या. कुणाशी बोलली नाही. कुणी काही बोललं नाही.

लेया ऐकता ऐकता खाली बसली. मी समोर बसून तिचं तोंड बघत होतो. लग्नात पण एवढी सुंदर दिसली नव्हती, आणि हे मी तिला सांगितलंही. गप्प बसा म्हणाली, ऐकू द्या.

पुढे धोंडू म्हणाला, पन वयनी, समदा नाय कापला तिने. बांधाकडचा तुकडा उभा ठेवलाय. भुलून नाय, नीट आखून ठेवलाय, तुमी आखता तसा. मी इचारला, ह्यो कनाला ठेवलास गो? तर बोलली, कापू नको. वयनी, तो आता कोनाचा?

"मला काय विचारतोस?" लेया म्हणाली. "कोपरा तिचा."

जेवायला बसलो तरी तिच्या डोक्यात तेच. सासूसाठी ठेवलं असेल? राखणदारासाठी? तिच्याहून अडलेलं कुणी असेल वाडीत? घास हातात तसाच. अहो, कुणासाठी ठेवलं असेल?

मी म्हटलं, आपल्यासाठी तर नसेल ना.

चेष्टेत म्हटलं होतं. ती हसली नाही. मीही हसलो नाही मग.  ताट बाजूला सारून म्हणाली, तसं असेल तर जावं लागेल हो. विळा घेऊन, सगळ्यांदेखत. मला नाही जमायचं.

उद्या सकाळी पाचाडची गाडी आहे. विळा तिने माळ्यावरून काढून ओट्यावर ठेवलाय. जायचं की नाही, ते अजून बोलली नाही.