दर दोन तासांनी कूस

सिस्टर, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, पण उमरग्याच्या आपल्या हॉस्पिटलात वॉर्डाच्या दाराशी असलेली तुमची खुर्ची अजून तिथंच आहे. तिचा एक पाय मी बदलून घेतला, सागवानी. पॉलिश मात्र जुळलं नाही, ते रोज डोळ्याला खुपतं. सांगायचं ते वेगळंच. माझी थोरली बारावी पास झाली. नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलंय, शनिवारपर्यंत मूळ कागद नेऊन द्यायचे आहेत, आणि सोबतच्या संमतीपत्रावर पालकाची सही मी अजून केलेली नाही. माझं म्हणणं, आधी एक वर्ष माझ्या हाताखाली मदतनीस म्हणून राबावं, मग खुशाल कॉलेजला जावं. चार दिवस घरात यावरून धुसफूस चाललीय. तिची आई म्हणते, "तुमी वर्षभरासाठीच गेला होता न्हवं?" यावर मी जेवण अर्धं टाकून उठलो.

माझं म्हणणं उगीच नाही, हे तुम्हीच सांगाल. माझ्या पहिल्याच आठवड्यात, भर थंडीत, पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एका म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरला मी तसंच बेडपॅन सरकवलं. तुम्ही सगळ्यांदेखत माझं मनगट धरलंत आणि तळवा त्या स्टीलवर दाबलात. "लागलं का गार? मग त्यानं कसं बसावं रे? गारठ्यानं मानूस आवरून धरतो. गरम पान्यानं धू, पूस, मग दे." त्या दिवसापासून माझ्या हातून एकही गार भांडं गेलेलं नाही. चादरीचा कोपरा, थर्मामीटर झटकायची ढब, घड्याळ लावून सलाइनचे थेंब मोजणं, सगळं मी बघून बघून उचललं. कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. आता शिकून आलेल्या काही पोरी रुग्णाच्या अंगाला हात लावताना बिचकतात आणि म्हणतात, "मामा, तुम्हीच करा ना." आपल्याकडं आया म्हणजे मावशी आणि वॉर्डबॉय म्हणजे मामा, वय काही का असेना. मी बाविसाव्या वर्षी सत्तरीच्या आज्यांचा मामा झालो, तेव्हा तुम्ही हसून म्हणाला होता, "मामा म्हनू दे. कुनी मामा बनवू नये, एवढं बघ."

म्हणून गेले तीन दिवस पोरीला वॉर्डात नेलं. सास्तूरकडची एक आजी आहे, कमरेखाली लुळी; पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलायची. मी दारात उभा, पोरीची चूक धरायला तयार. ती आजीजवळ गेली, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले, गालाला लावून बघितले, आणि मग आजीच्या पाठीखाली हात घातला. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. आजी म्हणाली, "हात लई ऊबदार हाय गं. कुनाची तू?" मी दारातूनच म्हणालो, "माझी." तेवढ्यात पोरीनं मान वळवून विचारलं, "अप्पा, दोन तासांनीच का? तीन का न्हाय?"

"सिस्टरांनी सांगितलंय म्हणून."

"आनि सिस्टरांना कुनी सांगितलं?"

"त्या शिकल्या होत्या."

"मग मी बी शिकूनच येते की."

आजी दात नसलेल्या तोंडानं हसली. "धरलं बघ पोरीनं मामाला!"

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या कुशी बदलतोय, सिस्टर, आणि दोन तासच का, हे मला सांगता आलं नाही. प्रश्न पडलाच नव्हता असं नाही. विचारला तर मला येत नाही हे दिसलं असतं. घरी येताना मोटरसायकलवर मागून ती म्हणाली, "तुमी का न्हाय गेलात कॉलेजला?" मी नेहमीचं सांगितलं: फॉर्म भरला होता, त्यांचं उत्तरच आलं नाही.

तो फॉर्म तुम्ही सोलापूरहून आणला होता, चुरगळू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून. "वरीस झालं, हात तयार झाला तुझा. आता डोकं तयार कर, न्हायतर हितंच ऱ्हाशील." मी तो काळ्या शाईनं भरला, एकही खाडाखोड नाही. फोटो सरळ बसावा म्हणून पट्टी लावून चिकटवला. मग तुम्ही दर आठवड्याला पोस्टमनला अडवून विचारायचात, आणि शेवटच्या आजारपणातही, मी तुमची कूस बदलताना, त्या कॉलेजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होता. "हिऱ्यासारखं पोरगं घालवलं रे त्यांनी." मी उशी नीट करत राहिलो.

इथवर लिहून उठलो आणि सही केली. कागद घेऊन उद्या मी स्वतः तिच्यासोबत जातोय. हे पत्र त्या जुन्या फॉर्मच्या घडीत ठेवणार आहे, ट्रंकेत, तळाशी. हो, तिथंच आहे तो. कॉलेजचा काही दोष नव्हता. बाकावर बसून चुकायची भीती वाटली, म्हणून मी तो पोस्टात टाकलाच नाही. मामा मी होतो, सिस्टर, पण मामा बनवलं ते तुम्हाला.