तिसऱ्या नमुनावहीची व्यवस्था

१२ फेब्रुवारी. चौदा महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी. लिहिण्यासारखे काही नव्हते असे नाही. एकच गोष्ट होती, आणि ती लिहायची नव्हती म्हणून वहीच बंद ठेवली. सोमवारी माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात, तरी कागद करून ठेवलेला बरा.

मी, वय सेहेचाळीस, संग्रहालयात जुन्या वह्या-कागदांचे फोटो काढून ते संगणकात जतन करणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दबावाशिवाय, आपल्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी असे काही केलेले नाही.

१. राहते घर, दोन खोल्या आणि एक गळका नळ यांसह, भाचीला. बँकेतली शिल्लकही तिलाच. ताईला काही नाही. तिची साक्षीदार म्हणून सही हवी आहे, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे वकील सांगतात. ताई म्हणाली, "सुटले बाई. तुझी करपलेली भांडी माझ्या गळ्यात पडली असती."

२. कॅमेरा, त्याचा स्टँड आणि दोन दिवे हळूबाईला. हळूबाई म्हणजे माझी जुनी सहकारी. हे नाव तिला मीच ठेवले. ती पाने उलटायची, मी फोटो काढायचे. प्रत्येक वहीनंतर ती म्हणायची, "थांब गं, मोठं करून बघू. मूळ पानाशी ताडून मगच 'तपासले' लिही." मी म्हणायचे, "तुझ्या वेगाने गेलो तर वह्यांआधी आपणच जुन्या होऊ." सगळे हसायचे. पुढे मी तिच्यावर जो राग धरला, तो या कलमाने रद्द समजावा. तिचे बरोबर होते, एवढाच तिचा गुन्हा.

३. निळ्या डबीतली हार्ड डिस्क. हे कलम दोनदा लिहून खोडले आहे.

तिच्यात विणकरआजोबांनी संग्रहालयाला फोटोपुरत्या दिलेल्या तीन नमुनावह्या आहेत. चौकटींच्या कागदावर एकेक धागा मोजून काढलेले नमुने. तिसऱ्या वहीतले त्यांनी स्वतः बसवलेले, दुसरीकडे कुठेही नसलेले. ती वही घेतली त्या दिवशी हळूबाई रजेवर होती. पान सपाट राहावे म्हणून आम्ही त्यावर काच ठेवतो. कॅमेऱ्याचा फोकस पानावर न बसता काचेवर बसला. मी पडद्यावरची छोटी चित्रे वरवर पाहिली, यादीतल्या 'तपासले' या रकान्यात एकदा 'हो' लिहिले आणि ते खालपर्यंत ओढले. शहाण्णव पाने, शहाण्णव 'हो'.

वह्या परत गेल्या. वर्षभराने आजोबांच्या सुनेचा फोन आला. "मॅडम, वह्यांना वाळवी लागलीय. कपाटभर पसरेल. टाकून देऊ का? तुमच्याकडे आहे ना सगळं?"

फाईल न उघडता मी म्हणाले, "खुशाल टाका. आमच्याकडे तीन ठिकाणी प्रती आहेत."

आहेतच. तिन्ही ठिकाणी काचेवरच्या धुळीचे शहाण्णव उत्तम फोटो आहेत, आणि मागे कुठेतरी धुक्यात नमुना.

वह्या टाकून झाल्यावर हे लक्षात आले, तेव्हा मी नोंदीत लिहिले: 'मूळ प्रत अस्पष्ट.' ज्या माणसाची रेघ केसासारखी बारीक आणि सरळ, त्याच्या हाताला मी अस्पष्ट ठरवले. हळूबाईने ते वाचले. "वही आली तेव्हा मी पाहिली होती," एवढेच बोलली आणि बदली मागून गेली.

आजोबा आता एक्याऐंशीचे आहेत. येईल-जाईल त्याला सांगतात, "माझं सगळं संगणकात आहे. आता मी विसरलो तरी चालेल."

माझ्या पश्चात ही डिस्क आणि ही कबुली त्यांना द्यावी.

इथवर लिहून मी वही सहीसाठी ताईपुढे ठेवली. सहीपुरतीच ठेवली होती, पण ताईच ती, तिने पहिल्यापासून वाचली.

"पश्चात म्हणजे? ऑपरेशन किरकोळ आहे ना?"

"हो."

"मग तू अजून तीस वर्षं आम्हाला पिडणार. तोवर आजोबा थांबणार आहेत होय?"

"मला तोंड नाही गं दाखवायला."

"आत्ता नाही, आणि मेल्यावर येणार आहे?" मग त्या कलमावर बोट ठेवून, "त्यांना आठवतायत का अजून ते नमुने?"

"बोटांवर धागे मोजून सांगतात. गेल्या वर्षीपर्यंत तरी सांगायचे."

ताईने पेनाला टोपण लावून ते माझ्याकडे सरकवले.

कलम ३ रद्द. डिस्क मी स्वतः नेईन. नोंदही मीच बदलेन, माझ्या नावानिशी.

साक्षीदार १: ताई. सही आज दिली नाही. "आधी जाऊन ये" म्हणाली.
साक्षीदार २: खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले शेजारी. सही केली, मजकूर वाचायला मीच दिला नाही.
लिहिणारीची सही: केली.
ठिकाण: माझे स्वयंपाकघर. तारीख: वरचीच.

उद्या: सकाळी दहाला आजोबांकडे जायचे. चौकटींच्या दोन कोऱ्या वह्या सोबत न्यायच्या, पण माझे सगळे सांगून होईपर्यंत पिशवीतून काढायच्या नाहीत.