माझ्या हातची गाठ

वरूड,
शुक्रवार, दुपार

प्रिय पौर्णिमा,

हे पत्र तुझे बाबा तुझ्या हातात देतील. त्यांना आधी जेवायला वाढ, मग वाच. गाडीत ते काही खात नाहीत आणि उपाशी असले की जगाशी भांडतात, हे तुला मी काय सांगणार.

इकडे आंबिया बहाराची तोड जोरात चालू आहे. अंगणात संत्र्यांचा ढीग आहे आणि मी सकाळपासून डागी फळं वेगळी काढत बसले आहे. गफ्फारभाईंच्या पॅकिंग शेडवरून मंगळवारी दुबईचा कंटेनर भरून निघाला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते अभिमानानं सांगतात की आता वरूडचा माल बंदराच्या फाटकाशी सडत नाही, आपली पोरगी बसली आहे तिथं. तू दहावीत असताना बाबांनी पहिल्यांदा समुद्रापार संत्री पाठवली होती, आठवतं ना? आधी रांग, मग एक कागद कमी, मग एकेक पेटी उघडून तपासणी. शेवटी बुरशी धरलेला माल टाकून बाबा घरी आले आणि चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. तेव्हा तू चिडून म्हणाली होतीस, कोणाला तपासायचं आणि कोणाला जाऊ द्यायचं एवढं तरी यांना कळायला नको का? आता तू आणि तुझ्या सोबतच्यांनी तेच बसवलंत. कागद आधीच कॉम्प्युटरवर, सील इथल्या शेडवरच, आणि तिथं सील शाबूत दिसलं की कंटेनर सरळ जहाजाकडे. शंका आली तरच उघडायचा. मी हे गावभर इतक्यांदा सांगितलंय की कस्टममध्ये नोकरी तुला लागली की मला, असं बाबा विचारतात.

या सांगण्याच्या हौसेनंच घात केला. तो माणूस मागच्या आठवड्यात भरदुपारी आला. स्वच्छ सदरा, खाली मान घालून बोलणं. अकोल्याचा व्यापारी आहे, बाग बघायची आहे, रविवारी मुंबईला जाणार आहे म्हणाला. मुंबईला जाणारा माणूस आपल्या घरून रिकाम्या हातानं गेलाय का कधी? बाबांनी त्याला बाग दाखवली, मी चहा केला, चिवडा दिला आणि वर तुमचे फोटो दाखवत बसले. त्यानं फारसं काही विचारलं नाही. मीच सांगत गेले. जावई श्यामराव जहाजावर असतात, तू संध्याकाळी उशिरा येतेस, नात आकांक्षा शाळेच्या पिवळ्या बसनं येते, मेडिकलच्या दुकानापाशी उतरते आणि घराचं कुलूप स्वतः उघडते, एवढी शहाणी आहे. मग पिशवी भरली. संत्री, कुरड्या, आकांक्षाचा लाल स्वेटर. तोंड जुन्या पातळाच्या काठानं बांधलं, माझी नेहमीची दुहेरी गाठ मारून. तो हसून म्हणाला, "मावशी, तुमची गाठ तं बंदरातल्या सीलपेक्षा पक्की हाये." संत्र्याच्या व्यापाऱ्याला बंदराचं काय माहीत, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण तेही मीच सांगितलं असणार.

सोमवारी रात्री तुझा फोन आला. पिशवी मिळाली म्हणालीस, पण तो माणूस घरी आलाच नाही. बसमधून उतरणाऱ्या आकांक्षाला त्यानं नावानं हाक मारली आणि आजीनं पाठवलंय म्हणून पिशवी तिच्या हातात दिली. तू विचारलंस, आई, हा कोण? मी हसण्यावारी नेलं. स्वेटर होतो का तिला, एवढंच विचारलं. तो फोन ठेवला आणि त्याचा मला फोन आला; नंबरही मीच दिला होता. आवाज तसाच मऊ.

"मावशी, पोचली न पिशवी? नात गोड हाये तुमची. पोरीले सांगा, वरूडच्या संत्र्याचा एक कंटेनर तिनं अडवून ठेवला हाये. जाऊ द्या म्हणा."

ना शिवी, ना दमदाटी. पिशवीत त्यानं काही घातलं नव्हतं, तिच्यातून काही काढलं नव्हतं. गाठ माझीच होती. शहाण्या पोरीनंही ती बघूनच पिशवी घेतली.

मी लगेच तुला सगळं सांगितलं. तू म्हणालीस की त्या कंटेनरचे कागद बरोबर आहेत, सील शाबूत आहे, पण स्कॅनरच्या चित्रात आतला माल संत्र्यांसारखा दिसत नाही. येत्या सोमवारी तो उघडायचा आहे. आणि मग एकदम बारीक आवाजात विचारलंस, "आई, एक कंटेनर जाऊ दिला तर काय होईल?" मी तुला जे वाटतं ते कर म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी भिऊन आहे, पौर्णिमा. रस्त्यावर मोटारसायकल हळू झाली की हातातलं फळ खाली पडतं. दिवसाढवळ्या कडी लावते आणि लावली की नाही ते उठून पुन्हा बघते. काल एक बाई पत्ता विचारायला आली, तर मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. या दारातून कधी कोणी तहानलेलं गेलं नव्हतं. बाबा मला म्हणतात, भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि स्वतः मात्र खाट दाराला टेकवून झोपतात. आज सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन त्याचा नंबर देऊन आलो. तूही तुझ्या साहेबांना आणि तिथल्या पोलिसांना सगळं सांग, आजच. ठाण्यातून परतताना मला रडू आलं, तर बाबा म्हणाले, "काहून रडून राहिली? मी जातो नं पोरीले आनाले." म्हणून ते बडनेऱ्याहून गाडीत बसून तुझ्याकडे आले आहेत. आकांक्षाला ते चांदूर रेल्वे गावी पार्बतामावशीकडे नेतील. त्या माणसापुढे मावशीचं नाव माझ्या तोंडून कसं निघालं नाही, देव जाणे. हे वाचून झालं की पत्र फाडून टाक. मी इथंच राहणार आहे. घराला कुलूप दिसलं तर त्या लोकांना कळेल की आम्ही भ्यालो. गफ्फारभाईंची नगमा रोज सोबतीला येते.

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर द्यायला हवं होतं. आज तू तो कंटेनर सोडलास आणि उद्या तो दुसऱ्या देशात पकडला गेला, तर संत्र्याच्या नावावर कोणाचा विश्वास राहील? सुक्याबरोबर ओलंही जळतं. पुन्हा रांग, पुन्हा एकेक पेटी उघडायची, पुन्हा तोच वास. गफ्फारभाईंचा माल आत्ता तिथंच कुठेतरी उभा असेल. आणि एकदा सोडलास, की दुसऱ्या वेळी तो माणूस पिशवी घेऊन यायची तसदीही घेणार नाही.

उत्तर द्यायला मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. माझा आवाज फार थरथरतो गं आता. तो ऐकला असतास, तर तू माझ्यासाठी तो कंटेनर सोडला असतास. अक्षर मात्र थरथरत नाही. शाळेत इतकी वर्षं पोरांना पाटीवर गिरवायला देऊन देऊन हात बसला आहे, बघ, एक काना वाकडा नाही. म्हणून लिहिलं. सोमवारी कंटेनर उघड.

तुझीच,
आई